एक दशांश मायक्रोग्रॅम

४ फेब्रुवारी २००३ रोजी दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंट या संस्थेने दोन अहवाल प्रसिद्ध केले. एक होता दिल्ली परिसरात विकत घेतलेल्या १७ ब्रँडच्या बाटलीबंद पाण्याचा, दुसरा मुंबई परिसरातल्या १३ ब्रँडचा. बाटल्या दुकानातून घेतलेल्या, सील शाबूत असलेल्या. प्रश्न एकच होता: या पाण्यात कीटकनाशकं आहेत का? उत्तर आलं, आहेत. लिंडेन, डीडीटी, मॅलाथिऑन आणि क्लोरपायरीफॉस ही चार नावं पुन्हापुन्हा सापडली. दिल्लीच्या नमुन्यांत एव्हियन हा परदेशी ब्रँड तेवढा स्वच्छ निघाला. बाकी साऱ्यांत कमीजास्त प्रमाणात विष होतं.

पुढचं वर्षभर देशात या अहवालांवरून जे घडलं, त्याची आठवण आज फारशी कुणाला नाही. लोकांना आठवतं ते शीतपेयांचं प्रकरण, कारण त्यात दोन बड्या अमेरिकी कंपन्या होत्या आणि संसदेत गदारोळ झाला. पण सुरुवात पाण्यापासून झाली होती. आणि त्या पाण्याची गोष्ट दिल्लीत उघडकीला आली तरी तिची मुळं बऱ्याच अंशी आपल्याकडे, ठाणे ते अंधेरी या पट्ट्यात आहेत.

साष्टी बेट हा फार पूर्वीपासून मुंबईचा पाणवठा. शहराला नळाचं पहिलं पाणी मिळालं ते मिठी नदीच्या उगमाशी बांधलेल्या विहार तलावातून. १८५६ मध्ये काम सुरू झालं आणि १८६० मध्ये पाणी शहरात पोचलं. १८७९ मध्ये तुळशी तलाव झाला. तेवढ्याने भागेना म्हणून १८९० च्या सुमारास पवईचा तलाव घाईघाईने बांधला गेला, पण त्याचं पाणी पिण्याच्या लायकीचं ठरलं नाही आणि पिण्यासाठी त्याचा वापर सोडून द्यावा लागला. कुठलं पाणी प्यायचं आणि कुठलं नाही, हा निवाडा उपनगरांच्या मातीत तेव्हाच एकदा झाला होता. १८९२ मध्ये तानसाचं पाणी आलं आणि पुढे वैतरणा, भातसा अशी रांग लागली. या साऱ्या काळात मरोळ, कोंडिविटे, वर्सोवा, मुलुंड इथली गावं मात्र आपापल्या विहिरी-तलावांवर जगत होती. अंधेरी, कुर्ला, घाटकोपर १९५० मध्ये आणि बोरिवली, मुलुंड १९५७ मध्ये बृहन्मुंबईत आली. तानसाच्या जाडजूड वाहिन्या मुलुंड-भांडुप-घाटकोपरमधून शहराकडे जात होत्या, आणि वाहिनीलगतच्या वस्त्यांतल्या बायका हंडे घेऊन रांगेत उभ्या राहत होत्या. उपनगरात पाणी उशिरा, अपुऱ्या दाबाने आणि अनेकदा गळक्या जोडण्यांतून आलं. पाण्याविषयीचा अविश्वास इथे बाटलीच्या आधीपासूनचा आहे.

या अविश्वासावर पुढे जो धंदा उभा राहिला, त्याची सुरुवात १९६५ मध्ये ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये झाली. इटलीत फेलिचे बिस्लेरी नावाच्या उद्योजकाने लोह आणि सिंकोना घातलेलं एक औषधी पेय काढलं होतं. तो १९२१ मध्ये वारला. त्याचे स्नेही डॉ. चेझारे रोस्सी यांनी ते नाव भारतात आणलं आणि मुंबईचे खुश्रू सनटूक यांच्या साथीने ठाण्यात पाणी बाटलीत भरण्याचा कारखाना काढला. हेच सनटूक पुढे नरिमन पॉइंटच्या एनसीपीएचे अध्यक्ष झाले. काचेच्या बाटलीतलं हे पाणी पंचतारांकित हॉटेलांत आणि महागड्या उपाहारगृहांतच खपत असे. पाणी विकत घ्यायचं, ही कल्पना तेव्हा सामान्य माणसाला पटण्यासारखी नव्हती. १९६९ मध्ये पार्लेच्या चौहान कुटुंबाने ही कंपनी चार लाख रुपयांना विकत घेतली. विलेपार्ल्यात १९२९ मध्ये गोळ्या-बिस्किटांपासून सुरू झालेलं हे घराणं तोवर शीतपेयांत नाव कमावून होतं. सुरुवातीला त्यांचा डोळा बिस्लेरीच्या सोड्यावर होता. पाणी दुय्यम होतं.

१९९३ मध्ये रमेश चौहान यांनी थम्स अप, लिम्का, गोल्ड स्पॉट, माझा ही पेयं कोका-कोलाला विकली. हाती उरलं ते पाणी, आणि त्यांनी सारी ताकद त्यात लावली. तोवर काचेच्या जागी प्लॅस्टिकची हलकी बाटली आली होती. फलाट, एसटी स्टँड, लग्नाचा हॉल, दवाखान्याबाहेरची टपरी, सगळीकडे बाटली पोचली. अंधेरी पूर्वेला पश्चिम द्रुतगती महामार्गावर कंपनीची मुख्य कचेरी राहिली आणि दुकानात जाऊन माणसं कुठल्याही पाण्याला "एक बिसलेरी द्या" असं म्हणू लागली. मग पेप्सीचं अॅक्वाफिना आणि कोका-कोलाचं किनले आलं. नव्या शतकाच्या सुरुवातीला हा सुमारे हजार कोटी रुपयांचा बाजार झाला होता. २००१ मध्ये बाटलीबंद पाण्यावर आयएसआयचा शिक्का सक्तीचा झाला, त्यामुळे ग्राहक आणखी निर्धास्त झाला. शिक्का आहे म्हणजे कुणीतरी तपासलं आहे, असं समजून आई बाळाच्या दुधाच्या बाटलीत ते पाणी घालू लागली.

आता या गोष्टीतल्या दुसऱ्या धाग्याकडे येतो. दिल्लीच्या संस्थेकडे पाणी तपासायची प्रयोगशाळा आली कुठून?

तिची गोष्ट केरळातल्या काजूच्या बागांशी जोडलेली आहे. कासरगोड जिल्ह्यात सरकारी मळ्यांवर वर्षानुवर्षं हेलिकॉप्टरमधून एंडोसल्फान हे कीटकनाशक फवारलं गेलं. पद्रे या गावात मतिमंद मुलं, अपस्मार, कर्करोग, जन्मजात व्यंगं यांचं प्रमाण विलक्षण आहे, हे तिथले डॉक्टर मोहन कुमार सांगत होते. पण पुरावा हवा होता. अनिल अगरवाल यांनी १९८० मध्ये स्थापन केलेल्या या संस्थेने सामान्य माणसाला पुरावा मिळवून देण्यासाठी प्रयोगशाळा काढली होती. पद्रेतल्या माणसांचं रक्त, पाणी, माती तिने तपासली आणि २००१ मध्ये एंडोसल्फान सापडल्याचं जाहीर केलं. उत्पादकांनी ते नाकारलं, पण पुढे २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या कीटकनाशकावर देशभर बंदी घातली. भारतात एंडोसल्फान बनवणाऱ्या मोजक्या उत्पादकांपैकी एक होता मुंबईच्या उपनगरातला एक्सेल उद्योगसमूह, १९४१ मध्ये सी. सी. श्रॉफ यांनी सुरू केलेला. त्याची मुख्य कचेरी जोगेश्वरी पश्चिमेला स्वामी विवेकानंद मार्गावर. रायगड जिल्ह्यात पाताळगंगेच्या काठी रसायनी इथे केंद्र सरकारच्याच हिंदुस्तान इन्सेक्टिसाइड्सचा डीडीटीचा कारखाना होता. कीटकनाशकं म्हणजे विदर्भातल्या कापसाच्या शेतातली दूरची बाब, असं मुंबईकराला वाटतं. प्रत्यक्षात त्यांचा धंदा, त्यांचे कारखाने आणि त्यांच्या कचेऱ्या आपल्या लोकलच्या रस्त्यावर आहेत.

आणि घरातही ती होतीच. घाटकोपर, कुर्ल्याच्या चाळींत वाढलेल्या पिढीला गॅमेक्सिनची पांढरी पावडर आठवत असेल. ढेकूण-मुंग्यांसाठी ती खाटेखाली, उंबऱ्याशी, मोरीच्या कोपऱ्यात टाकली जायची. त्या पावडरीतला मारक भाग म्हणजेच लिंडेन. शेतकऱ्याकडे हीच जात बीएचसी पावडर म्हणून ज्वारीवर, उसावर, कपाशीवर पोत्यांनी धुरळली जायची. खरूज झाली की डॉक्टर ज्या पांढऱ्या लोशनची चिठ्ठी देत, त्यातही लिंडेनच असे. डीडीटीचे फवारे मारणारे सरकारी कर्मचारी १९५० च्या दशकापासून मलेरियाविरोधी मोहिमेत दारोदार येत. या रसायनांनी लाखो माणसांना हिवतापातून वाचवलं, हे सांगितलंच पाहिजे. डीडीटीचा किडे मारण्याचा गुण शोधणाऱ्या पाउल म्युलर यांना १९४८ चं नोबेल मिळालं ते उगाच नव्हे. पण हीच रसायनं मातीतून जात नाहीत, हे १९६२ मध्ये अमेरिकेत रेचल कार्सन यांनी दाखवून दिलं तेव्हापासून जगाला ठाऊक होतं. भारताने डीडीटी शेतीतून १९८९ मध्ये काढलं, बीएचसीवर १९९७ मध्ये बंदी आणली. जमिनीत आधीच मुरलेल्याचं काय, हा प्रश्न कुणी विचारला नव्हता.

पाणी जिथून उपसलं जातं तिथेच खरी मेख होती. बाटली भरणाऱ्या बहुतेक कारखान्यांचं पाणी कूपनलिकेचं. पावसाचं पाणी शेतातून, नाल्याकाठून, कारखान्यांच्या आवारातून मुरत खाली जातं आणि वाटेत जे विरघळेल ते सोबत नेतं. लिंडेन पाण्यात त्यातल्या त्यात बरं विरघळतं. डीडीटी जवळजवळ विरघळतच नाही, तरीही ते बाटलीत सापडलं, यावरून त्या जमिनीत ते किती साचलं असेल याचा अंदाज करता येतो. कारखान्यात वाळूच्या गाळण्या असतात, ओझोन असतो, अतिनील किरण असतात. हे सारे जंतू मारतात. कीटकनाशक धरून ठेवतो तो सक्रिय कोळसा, आणि कोळशाची धारणशक्ती संपली की तो बदलावा लागतो. वेळेवर बदलला नाही तर पाणी गाळणीतून नुसतं पार होतं. रिव्हर्स ऑस्मोसिसने बराच भाग अडतो, पण पाणी फार अळणी होतं म्हणून त्यात काही ठिकाणी न गाळलेलं पाणी मिसळलं जातं. दिल्लीच्या प्रयोगशाळेने कारखान्यांच्या आसपासचं भूजलही तपासलं आणि बाटलीत जे सापडलं तेच जमिनीखाली सापडलं. हा त्या अहवालाचा मला सर्वांत मोलाचा वाटणारा भाग. बाटली फोडून आत कुणी विष घातलं नव्हतं. ते पाण्यासोबतच आलं होतं.

मग आयएसआयचा शिक्का काय करत होता? इथे कायद्यातली एक फट कळीची ठरली. भारतीय मानकात लिहिलं होतं की कीटकनाशकांचे अंश "शोधता येण्याच्या मर्यादेखाली" असावेत. वाचायला हे शून्याइतकं कडक वाटतं. पण कुठल्या यंत्राने, कुठल्या पद्धतीने शोधायचं, हे नेमकं सांगितलं नव्हतं. ढोबळ पद्धतीने शोधलं तर काहीच सापडणार नाही, आणि काही सापडलं नाही की शिक्का कायम. दिल्लीच्या प्रयोगशाळेने अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेची पद्धत आणि गॅस क्रोमॅटोग्राफ वापरला. अंश दिसू लागले.

ते मोजायचे कशाशी? संस्थेने युरोपीय समुदायाचा १९८० चा निकष घेतला. कुठलंही एक कीटकनाशक लिटरला ०.१ मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त नको, आणि सगळी मिळून ०.५ मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त नकोत. एक दशांश मायक्रोग्रॅम म्हणजे किती, हे समजून घ्यायला मुंबईचाच हिशेब करू. शहराला रोज सुमारे ३८५ कोटी लिटर पाणी पुरवलं जातं. या निकषाने एवढ्या साऱ्या पाण्यात एखादं कीटकनाशक जास्तीत जास्त ३८५ ग्रॅम चालेल, म्हणजे साखरेच्या अर्ध्या किलोच्या पुड्याहूनही कमी. इतकी ती मर्यादा बारीक आहे.

दिल्ली परिसरातल्या नमुन्यांत सगळ्या कीटकनाशकांची मिळून सरासरी युरोपीय मर्यादेच्या ३६ पट निघाली. अहवालाने ब्रँडनिहाय आकडे दिले: अॅक्वाप्लस १०४ पट, बिस्लेरी ७९ पट, किनले १४.६ पट. मुंबईच्या नमुन्यांत प्रमाण दिल्लीपेक्षा कमी होतं. म्हणून मुंबईकराने हायसं वाटून घ्यावं, असं मात्र नाही. मुंबईभोवतालची जमीन गंगा-यमुनेच्या खोऱ्यासारखी दाट शेतीची नाही, हे त्या फरकामागचं एक साधं कारण असू शकतं. कंपन्यांनी अधिक काळजी घेतली म्हणून आकडे कमी आले, असं मानायला आधार नाही.

कंपन्यांनी अहवाल फेटाळला. प्रयोगशाळेच्या क्षमतेवर शंका घेतली आणि युरोपचा निकष भारताला का लावता, असा सवाल केला. त्यातला एक मुद्दा गंभीरपणे घ्यायला हवा, आणि त्या वेळच्या गदारोळात तो नीट घेतला गेला नाही. युरोपची ०.१ ही मर्यादा विषशास्त्राने काढलेली नाही. एवढं प्यायलं तर माणूस आजारी पडेल आणि एवढं प्यायलं तर नाही, अशी ती रेषा नव्हे. पिण्याच्या पाण्यात कीटकनाशक असताच कामा नये, हे ठरवून त्या काळच्या यंत्रांना जेवढं कमीत कमी मोजता येत होतं तो आकडा युरोपने घेतला. जागतिक आरोग्य संघटनेची लिंडेनसाठीची मार्गदर्शक मर्यादा २ मायक्रोग्रॅम आहे, म्हणजे युरोपच्या वीसपट. तेव्हा ७९ पट हे ऐकून बाटली तोंडाला लावताच माणूस कोसळेल, असं समजणं चुकीचं होतं. तसं कुणी कोसळलंही नाही.

पण म्हणून प्रश्न संपत नाही. या विषांचं काम दोन प्रकारचं असतं. मॅलाथिऑन आणि क्लोरपायरीफॉस ही सेंद्रिय फॉस्फरसवर्गातली. मज्जातंतू एकमेकांना संदेश देतात तेव्हा अॅसिटिलकोलीन नावाचं द्रव्य सुटतं, आणि संदेश पोचला की एक विकर ते विझवून टाकतं. ही कीटकनाशकं त्या विकरालाच निकामी करतात. संदेश थांबतच नाही. मोठी मात्रा अंगात गेली की डोळ्यांच्या बाहुल्या बारीक होतात, तोंडाला फेस येतो, स्नायू थरथरतात, श्वास बंद पडतो. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले आणि शेकडो रुग्णालयात गेले, तेव्हा महाराष्ट्राने विषबाधेचं हे रूप उघड्या डोळ्यांनी पाहिलं. लिंडेन आणि डीडीटी यांचा मार्ग वेगळा. ती चरबीत साठतात, वर्षानुवर्षं राहतात आणि आईच्या दुधातून बाळाकडे जातात. आज थोडं, उद्या थोडं, असं ते साचत जातं. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ मध्ये लिंडेन मानवी कर्करोगाचं कारण असल्याचं जाहीर केलं, डीडीटी आणि मॅलाथिऑन यांना संभाव्य कारणांत बसवलं. क्लोरपायरीफॉसचा परिणाम गर्भातल्या मेंदूच्या वाढीवर होतो, या काळजीपोटी युरोपने २०२० मध्ये त्यावर बंदी घातली. म्हणजे २००३ मध्ये ज्या चार नावांना "इतकं थोडं असतं तर काय बिघडलं" असं म्हटलं जात होतं, त्यांच्याविषयीचं जगाचं मत पुढच्या दोन दशकांत कडकच होत गेलं. थोड्या मात्रेचा दीर्घकाळचा परिणाम एका माणसावर बोट ठेवून सिद्ध करता येत नाही. कर्करोगाच्या रुग्णाला कुठल्या घोटातून आजार आला हे कधीच कळणार नाही. म्हणूनच अशा बाबतीत मर्यादा आधी आखावी लागते. मृतदेह मोजून ती आखता येत नाही. युरोपने हे ओळखलं होतं, आपण ओळखलं नव्हतं.

सरकार हललं, आणि हे त्या वर्षाचं खरं यश. तेव्हा केंद्रात सुषमा स्वराज आरोग्यमंत्री होत्या. १८ जुलै २००३ रोजी नवी अधिसूचना निघाली. बाटलीबंद पाण्यात प्रत्येक कीटकनाशकाची मर्यादा ०.१ मायक्रोग्रॅम, एकूण ०.५, तपासणी मान्य आंतरराष्ट्रीय पद्धतीने, अंमल १ जानेवारी २००४ पासून. युरोपचा निकष भारताला कशाला, असं म्हणणाऱ्यांना तोच निकष कायद्यात पाहावा लागला. फेब्रुवारीत अहवाल, जुलैत कायदा. आपल्या देशातल्या सार्वजनिक आरोग्याच्या इतिहासात एवढा वेग मला फार थोड्या ठिकाणी दिसतो.

पाठोपाठ ५ ऑगस्टला त्याच संस्थेने १२ शीतपेयांचा अहवाल काढला. शीतपेय म्हणजे नव्वद टक्के पाणीच, आणि त्यातही तीच चार नावं. पेप्सीची पेयं युरोपीय मर्यादेच्या सरासरी ३६ पट, कोका-कोलाची ३० पट, असं अहवाल म्हणत होता. एकमेकींचं तोंड न पाहणाऱ्या दोन कंपन्या त्या दिवशी संयुक्त पत्रकार परिषदेला बसल्या. संसदेच्या उपाहारगृहातून ही पेयं हटवली गेली. सरकारने म्हैसूर आणि कोलकात्याच्या प्रयोगशाळांकडून तपासणी करून घेतली. त्यांचे आकडे कमी होते, पण १२ पैकी ९ नमुने युरोपच्या मर्यादेबाहेर होते. प्रकरण मिटेना, तेव्हा १५ खासदारांची संयुक्त संसदीय समिती नेमली गेली. बोफोर्स आणि शेअर बाजारातले दोन घोटाळे यांच्यानंतरची ही चौथी समिती, आणि तिच्यापुढे विषय होता माणसाच्या पोटात जाणाऱ्या विषाचा. अध्यक्ष होते शरद पवार, तेव्हा विरोधी बाकांवरचे.

अनेकांना वाटलं होतं, समिती नेमली म्हणजे प्रकरण बासनात गेलं. तसं झालं नाही. समितीने शास्त्रज्ञ, कंपन्या, मंत्रालयं, सगळ्यांच्या साक्षी घेतल्या आणि ४ फेब्रुवारी २००४ रोजी, बाटलीबंद पाण्याच्या अहवालाला बरोबर एक वर्ष झालं त्या दिवशी, आपला अहवाल मांडला. संस्थेचे निष्कर्ष बरोबर आहेत, असं तिने स्पष्ट लिहिलं. अन्नाविषयीचे विखुरलेले कायदे एकत्र करून एकच नियामक संस्था असावी, हेही तिने सांगितलं. २००६ च्या अन्न सुरक्षा व मानके कायद्याच्या विधेयकाला जोडलेल्या उद्देश व कारणांच्या निवेदनात या समितीचा उल्लेख आहे. आज अन्नपाकिटावर एफएसएसएआय या केंद्राच्या अन्न प्राधिकरणाचा जो क्रमांक दिसतो, त्याच्यामागे ही हकिकत आहे. एका छोट्या स्वयंसेवी प्रयोगशाळेने बड्या कंपन्यांशी पंगा घेतला आणि संसदेने तिची बाजू उचलली, ही गोष्ट शाळेच्या नागरिकशास्त्रात शिकवण्याजोगी आहे.

तरीही या विजयात एक मोठी उणीव राहिली, आणि ती उपनगरातल्या माणसाच्या रोजच्या तांब्याशी निगडित आहे.

कायदा झाला तो बाटलीसाठी. नळासाठी जे भारतीय मानक आहे, आयएस १०५००, त्यात कीटकनाशकांच्या मर्यादा २०१२ च्या आवृत्तीत दिलेल्या आहेत. लिंडेन लिटरला २ मायक्रोग्रॅम, डीडीटी १, क्लोरपायरीफॉस ३०, मॅलाथिऑन १९०. बाटलीच्या निकषाशी ताडून पाहा. लिंडेनला वीसपट मुभा, क्लोरपायरीफॉसला तीनशेपट, मॅलाथिऑनला एकोणीसशेपट. आणि एवढी सैल मर्यादासुद्धा महापालिकांना कायद्याने बंधनकारक नाही. बाटली भरणाऱ्याने ती ओलांडली तर त्याचा परवाना जाऊ शकतो. नळाचं पाणी पुरवणाऱ्या संस्थेवर तशी सक्ती नाही. बाटली विकत घेणाऱ्याच्या यकृताला एक न्याय आणि पाणीपट्टी भरणाऱ्याच्या यकृताला दुसरा, हे मला कुठल्याही युक्तिवादाने पटत नाही.

मुंबईपुरतं सांगायचं तर आपल्या नळावर अविश्वास धरायचं कारण तुलनेने कमी आहे. नोव्हेंबर २०१९ मध्ये केंद्रीय मंत्री रामविलास पासवान यांनी २१ शहरांच्या नळाच्या पाण्याच्या तपासणीचे निकाल जाहीर केले. मुंबईचे दहाच्या दहा नमुने उत्तीर्ण, दिल्लीचे अकराच्या अकरा नापास. तानसा, वैतरणा, भातसाचं पाणलोट क्षेत्र बऱ्याच प्रमाणात जंगलाचं आहे, विहार-तुळशी राष्ट्रीय उद्यानाच्या कुशीत आहेत, भांडुप संकुलासारखं मोठं शुद्धीकरण केंद्र आहे. हे आपलं भाग्य आहे आणि ते जंगल राखल्याचं फळ आहे. पण उपनगर सगळंच नळावर जगत नाही. अंधेरी-मालाडच्या उंच इमारती, बांधकामं, हॉटेलं टँकरवर अवलंबून आहेत, आणि तो टँकर भरतो विहिरीवर किंवा कूपनलिकेवर. एप्रिल २०२५ मध्ये भूजल उपशाच्या परवानगीवरून टँकरवाल्यांनी संप केला तेव्हा हे अवलंबित्व उघडं पडलं. त्या वादात चर्चा झाली ती पाणी किती उपसायचं याची. त्या पाण्यात काय विरघळलं आहे, याची झाली नाही. वीस लिटरच्या जारचंही तेच. परवाना नसलेला जार कुठल्या जमिनीतून भरला, हे तो आणून ठेवणाऱ्या पोऱ्यालाही माहीत नसतं. केंद्राच्या अन्न प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२४ मध्ये बाटलीबंद पाणी "अति जोखमीच्या" पदार्थांत घातलं, त्यामुळे परवानाधारक कारखान्यांची दरवर्षी तपासणी व्हायला हवी. बिनपरवाना जार त्या यादीत येतच नाही.

म्हणून दोन मागण्या आहेत, एक आपल्या सोसायटीकडे आणि एक सरकारकडे. सोसायटीच्या पुढच्या सर्वसाधारण सभेत टँकरच्या आणि कूपनलिकेच्या पाण्याचा कीटकनाशकांसह तपासणी अहवाल मागा. नुसता जंतूंचा आणि क्षारांचा अहवाल पुरत नाही, त्यात ही नावं येत नाहीत. आणि आपल्या आमदार-नगरसेवकांना लिहा की नळाच्या पाण्याची मर्यादा कायद्याने बंधनकारक करा आणि ती बाटलीच्या मर्यादेइतकी आणा. १ जानेवारी २००४ पासून एक दशांश मायक्रोग्रॅम हा आकडा बाटलीला लागू आहे. नळाला तो अजून लागू झालेला नाही.